खापरपणजीची गोष्ट मंडळीत सांगू की नको?

मावशी, सलाम.

मी पुण्यात शाळेत शिकवते. माहेर नगर जिल्ह्यात, नेवासा तालुक्यातल्या एका खेड्यात. आमच्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, पुढच्या महिन्यात वर्धापनदिन आहे. पाळकसाहेब मध्यंतरी मुलाकडे सॉल्ट लेक सिटीला जाऊन आले. तिथली माणसं जुलै महिन्यात चर्चमध्ये जमून आपल्या पायोनियर, म्हणजे तिथे पहिल्यांदा येऊन वसलेल्या, पूर्वजांच्या गोष्टी सांगतात, हे त्यांनी पाहिलं. त्यावरून त्यांनी ठरवलं, की आपल्याकडेही प्रत्येक जुन्या घराण्याने आपल्या पहिल्या ख्रिस्ती पूर्वजाची गोष्ट सांगायची. घरटी सात मिनिटं. आमच्या घरातून माझं नाव दिलंय.

घरात सांगतात ती गोष्ट अशी: खापरपणजोबांनी बाजारात पाद्रीसाहेबांचा उपदेश ऐकला, त्याच रात्री निर्णय घेतला, गावाने पाणी तोडलं, पण ते डगमगले नाहीत. माझ्या वडिलांची आत्या मात्र वेगळंच सांगते. ती आता शहाऐंशी वर्षांची आहे. "कसला उपदेस, बाई. दुस्काळ व्हता. त्यो खडी फोडाया गेल्याला. तिनं दोन लेकरं मिशनात घातली, तवा वाचली. तिसरं वाटंतच गेलं." 'तिनं' म्हणजे खापरपणजीने. तिचं नाव कुणालाच आठवत नाही. वाचलेल्या दोघांतले एक माझे पणजोबा, पुढे ते मिशनच्या शाळेत मास्तर झाले.

आम्ही मूळचे मांग. सगळ्यांना ठाऊक आहे, पण मंडळीत कुणी उच्चार करत नाही. माझे काका पंच कमिटीवर आहेत. ते म्हणतात, "पाहुणे येणार, व्हिडिओ निघणार. पोटासाठी बाटले म्हणतील लोक. घरात सांगतात तीच गोष्ट सांग." मला खोटं बोलायचं नाही आणि काकांना दुखवायचंही नाही. काय करू?

– नगरची लेक


नगरच्या लेकी, सलाम.

आत्याआजीची गोष्ट सांग. सुरुवातही खापरपणजीपासूनच कर. जातीचा भाग निराळा आहे. त्यावर माझं मत इतकं सरळ नाही, त्याकडे नंतर येते.

आधी तुझ्या काकांबद्दल. त्यांच्यावर रागावू नकोस. 'पोटासाठी बाटले' हा टोमणा नगर जिल्ह्यातल्या प्रत्येक ख्रिस्ती घराने ऐकलाय. शाळेत, एसटीत, कचेरीत. बाजारातल्या उपदेशाची गोष्ट तुमच्या घरात कुणी लबाडीने रचलेली नाही. ते चिलखत होतं, आणि दोन-तीन पिढ्यांना त्याचा उपयोगही झाला. काका ते अजून अंगावरून उतरवायला तयार नाहीत, इतकंच.

पण त्या गोष्टीत एक बारीकशी फट आहे, ती तुझ्या लक्षात आली का? 'गावाने पाणी तोडलं.' अगं, मांगवाड्याला गावच्या विहिरीवर पाणी होतंच कधी? जे मुळात मिळत नव्हतं ते तोडणार कसं? गाव तोडू शकत होतं ते बलुतं: सुगीच्या वेळी खळ्यावर मिळणारे दाणे, दोर आणि केरसुण्यांचा मोबदला, लग्नात नि जत्रेत हलगी वाजवल्याची बिदागी. नव्या ख्रिस्ती माणसाने देवळापुढे वाजवायचं नाकारलं, की हे बंद व्हायचं. पाणी तोडणं, वाळीत टाकणं, बापाने घराबाहेर काढणं, या गोष्टी ज्यांची गावात आधीपासून जागा होती त्यांच्या चरित्रांतल्या.

तशी चरित्रं आपल्याकडे भरपूर आहेत. अमेरिकन मराठी मिशनची माणसं मुंबईत १८१३ साली उतरली, नगरला त्यांचं ठाणं बसलं १८३१ मध्ये. नगरला १८३९ साली हरिपंत खिस्तींचा बाप्तिस्मा झाला. पुढे १८४३ मध्ये नारायण शेषाद्री, १८५४ मध्ये बेळगावात बाबा पदमनजी, १८९५ मध्ये मुंबईत नारायण वामन टिळक. ही सगळी शिकलेली, लिहिती माणसं. त्यांनी वाचन केलं, वाद घातले, रात्र रात्र विचार केला, मग निर्णय घेतला, आणि त्यापायी घरदार गमावलं. हे सगळं त्यांनी स्वतः किंवा त्यांच्या जवळच्यांनी लिहून ठेवलं. रविवारी उपदेशात तेच दाखले, साबाथ शाळेत तेच धडे. ज्यांच्याबद्दल कुणी काही लिहिलं नाही अशा घरांनी मग आपल्या पूर्वजालाही तोच सदरा चढवला. मी अशा कार्यक्रमांना बसले आहे. एकामागून एक पणजोबा बाजारात उपदेश ऐकतात आणि त्याच रात्री निर्णय घेतात. पाचव्या घराण्याला लोक घड्याळ बघू लागतात.

आणि मंडळ्या भरल्या कुणी? नगर, नेवासा, राहुरी, शेवगाव या पट्ट्यातल्या बाकांवर बसणाऱ्यांत खिस्ती-पदमनजींच्या वंशजांची संख्या किती असेल, तूच बघ. बाकं भरली ती महारवाड्या-मांगवाड्यांतल्या माणसांनी, आणि त्यातला मोठा भाग १८७६ च्या आणि पुढे १८९६ ते १९०० च्या दुष्काळांच्या आगेमागे आला. यांची चरित्रं कुणी लिहिली नाहीत. रजिस्टरात एक ओळ, फार तर मिशनच्या अहवालात एक आकडा.

आत्याआजीचं वय बघता तिच्या गोष्टीतला दुष्काळ हा दुसरा असावा. तो नीट समजून घे म्हणजे व्यासपीठावर उभी राहताना तुझे पाय लटपटणार नाहीत. १८९६-९७ ला पाऊस दगा देऊन गेला, लोक जेमतेम सावरत होते, तोवर १८९९ ला पुन्हा ओढ. पहिल्या वेळी जनावरं विकली गेली, भांडी गेली. दुसऱ्या वेळी विकायला काही उरलंच नव्हतं. सरकारने दुष्काळी कामं काढली: रस्ते, तलाव, खडी. मोजून काम आणि कामाच्या मापाने मजुरी. ज्याच्या अंगात ताकद कमी त्याचं काम कमी, म्हणून मजुरी कमी, म्हणून दुसऱ्या दिवशी ताकद आणखी कमी. त्यात कामाच्या छावणीत पटकी. आत्याआजी म्हणते, "त्यो खडी फोडाया गेल्याला." हे चार शब्द म्हणजे त्या काळच्या इतिहासाचं एक अख्खं पान आहे. घरात बाई, तीन लेकरं, धान्य नाही, नवरा कुठल्या कामावर आहे आणि जिवंत आहे की नाही हे कळायला मार्ग नाही. ती चालत निघते. कुठे, हे तिने कुणाकडून ऐकलं असेल, याचा विचार कर. दुष्काळात मिशनने अनाथ आणि उपाशी मुलं घ्यायला सुरुवात केली होती, नगरकडे त्यांना शिक्षणाबरोबर सुतारकाम, विणकामही शिकवत. केडगावला पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १९०० च्या सुमारास गुजरातेतून मुली आणल्या, हे तू शाळेत शिकवलंही असशील. तुझी खापरपणजी आणायला कुणी गेलं नव्हतं. ती आपल्या पायांनी गेली.

आता 'पोटासाठी' या शब्दाचं काय करायचं? नाकारायचंच कशाला? पोटासाठीच गेली. उपाशी लेकरांना घेऊन बाई आणखी कशासाठी चालेल? हा टोमणा मारणाऱ्याच्या घरात त्या साली कणगीत धान्य होतं, हे विसरू नकोस. आणि आपल्या शुभवर्तमानात प्रभू पाच हजारांना जेवू घालतो, त्यांच्यातल्या कुणालाही 'तू माझ्या उपदेशासाठी आलास की भाकरीसाठी' असं आधी विचारून घेत नाही. (योहानाच्या शुभवर्तमानात 'भाकरीसाठी आलात' म्हणून तो दुसऱ्या दिवशी त्यांना बोलतो, हे काका तुला सांगतील. सांगू देत. जेवण झाल्यावर बोलला ना?)

पण तुझ्या हाती अजून एक गोष्ट आहे, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तारीख शोध. मंडळीच्या बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात या घराची नोंद असायला हवी. लेकरं मिशनात कधी घातली आणि आईबापांचा बाप्तिस्मा कधी झाला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुमच्या घरातल्या दोन्ही गोष्टींत त्या एकत्र कालवल्या गेल्या आहेत. दुष्काळात बाप्तिस्मा मागायला येणाऱ्याला पुष्कळदा थांबवून ठेवत. पोट भरल्यावर हा टिकेल का, ही शंका पाद्रीसाहेबांनाही होतीच. १९०० च्या पावसानंतर पुष्कळ लोक घरी परतले, काहींनी मुलंही परत नेली. समजा नोंद १९०३ किंवा १९०४ ची निघाली. म्हणजे भूक सरून तीन-चार वर्षं झाल्यावर, बलुतं पुन्हा मिळण्याची शक्यता असताना, या दोघांनी ठरवलं. मग काकांच्या गोष्टीतला निर्णयही खरा आणि आत्याआजीची भूकही खरी. आणि नोंद नेमकी १९०० चीच निघाली तर? तर तसंच सांग. सव्वाशे वर्षं घराणं मंडळीत टिकलं. त्यावर दुसरा दाखला कशाला हवा?

रजिस्टर बघायला जाताना दोन-तीन गोष्टींची तयारी ठेव. जुनं रजिस्टर पाळकसाहेबांच्या कपाटात असेलच असं नाही. लहान मंडळ्यांच्या नोंदी कधी मोठ्या ठाण्याच्या मंडळीत ठेवलेल्या असतात, तुमच्याकडच्या वडाळा मिशनमध्येही विचारून बघ. आडनावाने शोधू नकोस. त्या काळी नाव, बापाचं नाव आणि गाव एवढंच लिहीत. आडनावं नंतर शाळेत लागली. पणजोबांचं नाव वसतिगृहाच्या किंवा शाळेच्या यादीत आधी सापडेल आणि त्यावरून बापाच्या नावाकडे जाता येईल. बाप्तिस्म्याच्या वेळी नाव बदललंही असेल. कारकुनाचं अक्षर मोडी असेल तर फोटो काढून घे. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचे वर्ग चालतात, तिथे वाचून देणारं कुणीतरी भेटेल. आणि त्या पानावर बोट फिरवताना खापरपणजोबांच्या ओळीवर थांबू नकोस. खालची ओळ बघ. बायकोचं नाव बहुधा तिथे आहे. तुमच्या घरात कुणाला आठवत नाही, पण कारकुनाने लिहिलं असेल. नाहीच सापडलं, तर 'तिचं नाव आम्हाला माहीत नाही' असं व्यासपीठावरून स्पष्ट सांग. लोकांना आपापल्या घरातली अशी एखादी बाई आठवेल.

आता जात.

इथे काकांचं म्हणणं मी पूर्ण उडवून लावणार नाही, पण त्यांनी दिलेलं कारण मला मान्य नाही. लाज हे कारण असेल तर ते चालणार नाही. १८५५ साली, सावित्रीबाई आणि जोतीरावांच्या शाळेतली चौदा वर्षांची मुक्ता साळवे 'मी मांगाची' म्हणून मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिते, आणि ते छापून येतं कुठे? ज्ञानोदयात. आपल्याच मिशनच्या पत्रात, जे १८४२ साली नगरला सुरू झालं. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे घेतले तेही नगरला, अमेरिकन मिशनरी फरारबाईंच्या हाताखाली. त्या मुलीने छापील कागदावर जे ठणकावून सांगितलं ते आपण पावणेदोनशे वर्षांनी त्याच मंडळीच्या माईकवर कुजबुजून सांगायचं? आणि सोयरीक जुळवताना मात्र 'मूळचे कोण?' हा प्रश्न आपल्याच लोकांनी पहिल्या भेटीत विचारायचा. तिथे बरं सगळ्यांना बोलता येतं.

तरीही थांब. तुझ्या आडनावाची माणसं किती, आणि त्यांचे कागद काय सांगतात? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. त्यामुळे एकाच घरातल्या दोन भावांचे जातीचे दाखले वेगळे असतात, एक कागदावर हिंदू, दुसरा ख्रिस्ती, हे आपल्याकडे नवं नाही. चूक की बरोबर, हा वाद इथे काढत नाही. माझं स्वतःचं मत विचारशील तर धर्म बदलला म्हणून जात मागे लागायची थांबत नाही, तेव्हा तो आदेशच अन्यायाचा आहे. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, ख्रिस्ती धर्म पाळणाऱ्याला केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचा दावा करता येणार नाही, असा निकाल दिलाय. तुझा एखादा चुलतभाऊ नोकरीत असेल, त्याच्या मुलीची फाइल जात पडताळणी समितीपुढे असेल, आणि मंडळीच्या व्हिडिओत तू घराण्याचं नाव, जात आणि चर्च तिन्ही एका वाक्यात सांगितलंस, तर त्याची झोप उडेल. तेव्हा चुलत्यांना, चुलतभावंडांना आधी फोन कर. सगळे हो म्हणाले तर सांग, ताठ मानेने सांग. एकाचीही अडचण असेल तर त्या दिवशी जातीचं नाव घेऊ नकोस. त्याने गोष्टीला धक्का लागत नाही. खडी, चाललेली वाट, मिशनचं दार, रजिस्टरातली ओळ, सगळं जागच्या जागी राहतं. भूक मात्र गाळू नकोस. ती गाळलीस तर सांगायला उरणार तो पुन्हा बाजारातला उपदेशच.

काकांशी बोलताना 'तुमची गोष्ट खोटी आहे' असं म्हणू नकोस. म्हण, "काका, मी दोन्ही सांगणार आहे. तुम्ही लहानपणापासून काय ऐकलंत ते, आणि आत्याआजी काय म्हणते ते. रजिस्टर बघायला मला सोबत चला." कमिटीवरच्या माणसाला कपाटाची किल्ली मिळते, हा फायदा वेगळाच. जुनं पान समोर उघडल्यावर माणूस हट्ट सोडतो, निदान वाचायला चष्मा तरी काढतो. त्यातूनही नाहीच म्हणाले तर तू नम्रपणे नाव मागे घे आणि ते स्वतः बोलू देत. तुझ्या तोंडून त्यांनी ती गोष्ट वदवून घ्यायची, हे मात्र होऊ देऊ नकोस.

तुमच्या पाळकसाहेबांनी जिथून ही कल्पना आणली तिथलंही एक सांगते, काकांशी वाद झालाच तर उपयोगी पडेल. ही रीत मॉर्मन नावाच्या अमेरिकन पंथाची. त्यांची शिकवण आपल्या मंडळ्यांना पटणारी नाही, ते सोड, पण पूर्वजांच्या गोष्टी सांगण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. त्यांचे पुढारी ब्रिगम यंग आणि पहिली तुकडी २४ जुलै १८४७ ला सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचली, म्हणून यूटा राज्यात त्या दिवशी सरकारी सुट्टी असते. नंतरच्या वर्षांत गरीब लोक बैलगाड्या परवडत नाहीत म्हणून हातगाड्या ओढत तेराशे मैलांच्या त्या वाटेचा मोठा टप्पा पायी गेले. १८५६ मध्ये अशा दोन तुकड्या फार उशिरा निघाल्या आणि वायोमिंगच्या बर्फात अडकल्या. जवळजवळ हजार माणसांतली दोनशेहून जास्त दगावली. ती माणसं शूर होती हे खरंच, पण त्यांना उशिरा निघू द्यायचा निर्णय चुकला होता, हेही तिथे आता सांगितलं जातं. दुसरं म्हणजे, त्या पहिल्या तुकडीत ग्रीन फ्लेक नावाचा एक काळा गुलाम होता, आणखी दोघे होते. १८९७ च्या स्मारकावर त्यांची नावं कोरली ती वेगळी काढून, 'काळे नोकर' म्हणून. त्यांचं स्वतःचं स्मारक उभं राहायला २०२२ साल उजाडलं. तेव्हा पाळकसाहेबांना अमेरिकेची रीत आणायची असेल तर ती अर्धीच का आणायची?

राहिली सात मिनिटं. आत्याआजीकडे आधी जा, फोन उशाशी ठेवून तिला बोलू दे. 'दुष्काळाबद्दल सांग' असं विचारशील तर ती दोन वाक्यांत गुंडाळेल. 'तुझी आजी दिसायला कशी होती, लुगडं कसं नेसायची, तुला काय करून घालायची, कुठल्या गोष्टीवर चिडायची' असं विचार. तिने आजीला पाहिलं नसेल तर बापाच्या तोंडून काय ऐकलं ते विचार. मिशनात वाढलेला मुलगा आईबद्दल काय बोलायचा? आईने आपल्याला सोडलं, याचा राग होता का त्याला? हा प्रश्न विचारायला जीव होणार नाही, तरी विचार. घरातल्या गोष्टीत सगळे एकदम मोठ्या मनाचे असतात, तसं खऱ्या घरात नसतं.

लिहून काढ, पण वाचून दाखवू नकोस. आत्याआजीचं वाक्य तिच्याच बोलीत म्हण, शुद्ध करू नकोस. जे रजिस्टरात सापडलं ते 'नोंद आहे' म्हणून सांग, जे ऐकलं ते 'आत्याआजी सांगते' म्हणून सांग, आणि मधली जागा कल्पनेने भरायचा मोह आवर. मिशनच्या दारात ती रडली का, हे तुला माहीत नाही. रडवू नकोस तिला. पणजोबा मास्तर झाले हे शेवटी एका वाक्यात येऊ दे, आणि 'मीही शिक्षिकाच' हे म्हणायची गरज नाही, गावात सगळ्यांना ठाऊक आहे.

आत्याआजीला त्या दिवशी पहिल्या बाकावर बसव, आणि तू काय बोलणार आहेस ते तिला आधी वाचून दाखव. ती म्हणाली 'हे नको सांगू', तर ते गाळ. काकांपेक्षा तिचा हक्क मोठा. आणि हो, पाळकसाहेबांच्या अमेरिकावारीचं कौतुक करण्यात तुझा एकही मिनिट घालवू नकोस. ते प्रास्ताविकात ते स्वतः करतील, आणि सात मिनिटांत नक्कीच आवरणार नाहीत.

– मावशी